मागे पडलेले रोप

"घरात लेक बिनलग्नाची, आणि हा माणूस फुलांची लग्नं लावत बसलाय," असे घड्याळवाल्यांविषयी शेजारीपाजारी म्हणत. वाक्य मुळात तळमजल्यावरच्या वहिनींचे. जिन्यातून ते इतके चढले-उतरले, की शेवटी ते सगळ्या इमारतीचे झाले. खुद्द घड्याळवाल्यांच्या कानावरही ते गेले होते. गिऱ्हाइकाची तक्रार ऐकावी तसे त्यांनी ते ऐकून घेतले, मान खाली घालून.

त्यांचे दुकान म्हणजे दोन मोठ्या दुकानांच्या मधल्या फटीत बसवलेले काचेचे कपाट आणि त्यामागे एक स्टूल. घड्याळ दुरुस्त करून घेणारे फारसे उरले नव्हते. येत ते बॅटरी बदलायला, नाहीतर पट्ट्याला आणखी एक भोक पाडून घ्यायला. केसाएवढी स्प्रिंग सरळ करणाऱ्या हातांनी दिवसभर भोके पाडायची, याचा शीण त्यांच्या चालण्यात दिसे.

त्यांची पत्नी दवाखान्यात परिचारिका होती. बऱ्या होऊन घरी निघालेल्या एका बाईने तिला पांढऱ्या ऑर्किडची कुंडी दिली होती. फूल दिसायला बेताचेच. पण दिवस कलला की त्याला वास सुटे, लिंबाच्या सालीसारखा आणि थोडासा नव्या साबणासारखा. ड्यूटीवरून आल्यावर चप्पल काढायच्या आधी ती त्या कुंडीपाशी जाऊन उभी राही. पुढे ती गेली, झाड मागे राहिले, आणि तेही खंगू लागले.

कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ऑर्किडची रोपे तयार करतात असे कळल्यावर ते कुंडी पिशवीत घालून तिकडे गेले. तिथल्या बाईंनी पान उलटे करून पाहिले आणि मान हलवली.

"याच्या अंगात जुना रोग आहे, काका. याची नक्कल काढली तर रोगही नकलेत उतरेल. बी धरवता आलं तर बघा. बियात सहसा उतरत नाही."

"एकट्या झाडाला बी धरेल?"

"दुसरं एखादं दणकट झाड आणा की. स्थळ तुम्हीच शोधायचं."

कोणत्याही रोपवाटिकेत मिळते तसे एक जांभळे, बिनवासाचे, पण कशानेही न मरणारे झाड त्यांनी आणले. दुकानातला चिमटा घेऊन, डोळ्याला भिंग लावून, जांभळ्या फुलातले परागाचे पिवळे दाणे त्यांनी पांढऱ्या फुलाच्या पोटात बसवले. फूल मिटले आणि गळाले. पुढच्या बहरात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र फुलामागचा देठ फुगू लागला. शेंग हिरवी असतानाच, फुटायच्या आत, काढून प्रयोगशाळेत न्यायची होती, कारण शेंग उघड्यावर फुटली की बियांना बुरशी गाठते. तेवढ्यासाठी ते रोज दुकानात निघण्यापूर्वी शेंगेवरून बोट फिरवीत.

"बाबा, मला ताप आला होता तेव्हा एवढ्या वेळा हात लावून पाहिला नव्हता," लेक म्हणाली. ती एका वाहतूक कंपनीत बिले बनवी. कुंड्या तिच्याच खोलीतल्या खिडकीत होत्या, कारण उजेड तिथेच येई.

"तुला आई बघत होती," ते म्हणाले.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी शेंग चिरून दाखवली. आत पिठासारखी पूड.

"ही बी स्वतःचं काही घेऊन येत नाही. रानात एक वेगळीच बुरशी तिला भरवते. इथे आपण बाटलीत साखरेची खळ घालून भरवायचं."

"म्हणजे बिनशिदोरीची निघालेली," घड्याळवाले म्हणाले. बाईंना हे बोलणे फार आवडले.

बाटल्या घरी यायला बराच काळ गेला. दरम्यान पांढरे झाड मेले. लेकीने कुंडी धुऊन उपडी ठेवली. त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की झाली: तो वास आता असलाच तर बाटल्यांतच होता.

रोपे बाहेर काढण्याचे काम न्हाणीघरात झाले. मुळे एकमेकांत विणली गेलेली. बाप-लेक कोमट पाण्याच्या घमेल्याशी बसून चिकट खळ धूत होते. आणि इथे घड्याळवाल्यांच्या हातून, त्यांच्या हातूनच होईल अशी चूक झाली. आयुष्यभर त्यांच्यापुढे मागे पडणारी घड्याळे आली होती, आणि जे मागे पडते त्याच्या आत काहीतरी बिघडलेले असते, हे त्यांनी हजारदा उघडून पाहिले होते. तरतरीत रोपे त्यांनी उजवीकडे लावली, खुरटलेली डावीकडे.

"बाई म्हणाल्या होत्या, एकही टाकू नका. कोणत्या रोपात काय उतरेल ते आत्ता कळत नाही म्हणून," लेकीने आठवण करून दिली.

"त्यांना जागेची अडचण नाही. तूच ओरडतेस ना, खिडकी उघडत नाही म्हणून?"

"ओरडते. टाका म्हणाले नव्हते."

खुरटी रोपे त्यांनी टाकली नाहीत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटली. त्यांतले एक वहिनींनी घेतले, कान तुटलेल्या कपात. "आहेर म्हणायचा का हा, भाऊजी? लग्नाला बोलावलंच नाहीत," त्या म्हणाल्या, आणि कप स्वयंपाकघराच्या खिडकीत मोरीजवळ ठेवून विसरल्या.

नंतरची वर्षे पाणी घालण्यात गेली. सुट्टीला कुठे जायचे तर कुंड्यांचे काय, म्हणून जाणे होत नसे. लेकीची बदली दुसऱ्या गावी होत होती, तीही तिने घेतली नाही. विचारले तर म्हणे, "तिथे पगार वाढतो, पण इथे बाबा आणि त्यांची नातवंडं." हसत म्हणे, पण डोळ्यांखाली काळे आलेले असे.

पहिले फूल आले तेव्हा ते दुकान लवकर बंद करून घरी आले. जांभळे. दिवस मावळेपर्यंत दोघे खिडकीशी बसून राहिले. वास नव्हता. दुसरे फिकट जांभळे, तेही मुके. पुढच्या बहरात एकामागून एक सगळी फुलली, बापाच्या वळणावर गेलेली, धट्टीकट्टी. लेक प्रत्येक फुलाला नाक लावी आणि मग नुसती मान हलवी. शेवटच्या फुलाच्या वेळी घड्याळवाले खिडकीपर्यंत आलेच नाहीत. खुर्चीतून म्हणाले, "नाही ना? राहू दे."

त्यानंतर ते पाणी घालत, पण भिंग खिशातून काढत नसत.

एका संध्याकाळी लेक कामावरून आली आणि तळमजल्यावरच थबकली. खांद्यावरची पर्स तशीच, हात कठड्यावर. वहिनींचे दार उघडे होते.

"काय गं, चक्कर आली का?"

"वहिनी, कसला वास येतोय?"

"तेच म्हणते मी! चार दिवस झाले, घरात साबण सांडल्यासारखं. सगळी कपाटं उपसली. शेवटी बघते तर तुझ्या बाबांनी दिलेलं ते खुरटं रोप."

मोरीजवळच्या कपात, दोन बोटांएवढ्या पानांमधून, एक मळकट पांढरे फूल लोंबत होते. लेकीने वाकून वास घेतला आणि तशीच उभी राहिली. मग वर जाऊन तिने वडिलांना हाताला धरून खाली आणले, काही न सांगता.

ते उंबऱ्यातच थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. फुलाजवळ जायची त्यांना गरज नव्हती.

वहिनींना सगळे समजायला थोडा वेळ लागला. मग मात्र त्यांचा आवाज खाली आला. हात पदराला पुसून त्यांनी कप उचलला आणि पुढे केला. "घ्या भाऊजी. मी काही मुद्दाम जपलं नाही हो. भांडी विसळताना शिंतोडे उडत असतील तेवढेच. तुमचं आहे, तुम्ही घेऊन जा."

लेकीने हात पुढे केला. घड्याळवाल्यांनी तो हळूच बाजूला सारला.

"ठेवा तुमच्याकडेच. मी याला नापास करून घराबाहेर काढलं होतं, आता कोणत्या तोंडाने नेऊ? हिला संध्याकाळी येऊन बसू द्या म्हणजे झालं. आणि मोरीपासून जरा लांब ठेवा, मुळं कुजतील."