सिस्टरचा आवाज

आमच्या हुपरीकडच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरचा आवाज फाटकाबाहेरच्या रिक्षावाल्यांनाही ऐकू जातो. कुणी नुसती ठेच लागली म्हणून आला, तरी व्हरांड्यातच त्याचं बीपी, शुगर बघून ती विचारणारच, "झोप लागत्या न्हवं? जीव नकोसा होतोय काय कवा?" रांग हसते. मीही हसायचो.

परवा आबांना, माझ्या वडिलांना, शुगर तपासायला नेलं. तिनं तेच विचारलं. चहात साखर कमी घाला म्हणावं, तितक्या सहज आबा म्हणाले, "रोजच होतोय की."

सिस्टर उठली, आबांचा हात धरून त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली. मला म्हणाली, "तुम्ही हितंच थांबा."

दार लागलं. मी दाराला कान लावला. पहिल्यांदाच तिचा आवाज मला ऐकू आला नाही.