बोडीमायचा गूळ

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नागपूरच्या त्या संग्रहालयात सहल घेऊन इतक्यांदा गेले आहे की तिथल्या संडासाचा रस्ता मला झोपेतही सापडेल. मूर्त्या मात्र कधी पाहिल्या नाहीत. सहलीत बाई मूर्त्या पाहत नसतात, पोरं मोजत असतात. त्यामुळे आमच्या गावची बोडीमाय तिथंच उभी असून मला पत्ता नव्हता, यात माझी काही चूक आहे असं मला वाटत नाही. आईला वाटतं.

बोडी म्हणजे लहान तळं. करडीजवळच्या आमच्या गावात बोडीच्या पाळीवर ही माय उभी होती, माणसाएवढी उंच, शेंदरानं इतकी माखलेली की तिचं तोंड असं कुणी पाहिलंच नव्हतं. मी तीन वर्षांची असताना तापानं फणफणले, डॉक्टरनं हात टेकले, तेव्हा आईनं तिच्यापुढं पदर पसरला. पोरगी वाचली तं तिच्या वजनाचा गूळ चढवीन. मी वाचले. धान चुरून झालं, म्हणजे मळणी उरकली, की नवस फेडू असं ठरलं. तेवढ्यात जुन्या मूर्त्या गोळा करणारा सरकारी ट्रक आला आणि आई माहेरी गेलेली असताना मायला घेऊन गेला, कुठं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गावानं ओटी भरून निरोप दिला म्हणे. आई परत आली तेव्हा पाळीवर खड्डा होता.

गावानं तिथं दुसरा दगड बसवला. आईला तो चालेना. "जिच्यापाशी बोललं तिलेच फेडा लागते," म्हणाली. आणि वजन फेडायच्या दिवशीचं धरतात. म्हणजे अकरा किलोत सुटलं असतं ते प्रकरण दर दिवाळीला वाढत गेलं. बाकीच्यांच्या आया लेक माहेरी आली की रोडावली म्हणतात. माझी आई वरून खाली पाहायची आणि म्हणायची, "गूळ वाढला वो."

यंदा तिच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. नागपूरला बुधवारी भरती व्हायचं होतं. आई म्हणाली, नवस फेडल्याबिगर येत नाही. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता थांबण्यात अर्थ नाही. मी समजावलं, ओरडले, रडलेसुद्धा.

"काहून ऐकत नाहीस?"

"छाती फाडून राहिले माही. देवाचं बाकी ठेवून कशी झोपू त्या टेबलावर?"

ती मरेल या भीतीनं मी घरभर नुसती फिरत होते.

शेवटी माय सापडली ती माझ्याच शाळेच्या सहलीच्या फोटोत. पुढं पोरं ओळीनं उभी, मागं दगडाचे दोन पाय, आणि पायाशी फलकाचा खालचा अर्धा भाग. त्यावर आमच्या गावाचं नाव. पोरांची ती ओळ मीच लावली होती.

मंगळवारी राइस मिलमध्ये, धानाचे कट्टे, म्हणजे चाळीस-चाळीस किलोची पोती, मोजतात त्या काट्यावर, मला उभं केलं. मिलवाल्यानं विचारलं, "मॅडम, कट्ट्यासकट का बिगर कट्ट्याचं?" मी चौऱ्याहत्तर किलो भरले. आई खूश झाली, कारण हिशेब एकदाचा जागेवर थांबला. तेवढा गूळ आणून गावात वाटला, आणि देवीपुढं ठेवायला एक खडा आईनं पदराच्या गाठीत बांधला.

बुधवारी भरतीच्या आधी आम्ही संग्रहालयात गेलो. दारावरचा शिपाई म्हणाला, खायचं काही आत नेता येत नाही.

"गाठीत काय हाये, आजी?"

"औषध," आई म्हणाली.

जन्मभर तिनं मला खोटं बोलण्यावरून धोपटलं आहे.

ती दहा पावलं चालायची आणि थांबायची. मी हात धरला तर झटकायची. मूर्त्यांच्या दालनात मी फलक वाचत पुढं गेले आणि आई मागंच राहिली. वळून पाहिलं तर ती एका दगडापुढं उभी होती. पायाच्या अंगठ्यावरून ओळखलं म्हणे. डोकं टेकवून टेकवून तो गुळगुळीत झाला होता, आणि त्यात तिचंही डोकं होतं.

मग तिनं वर पाहिलं. मीही पाहिलं. शेंदूर सगळा काढला होता, आणि बोडीमायला मिशा होत्या. चांगल्या पिळदार. हातात गदा.

मला वाटलं, आता ही म्हणणार, नवस लागूच झाला नाही, चल घरी.

"काय लिवलं हाये?" तिनं विचारलं.

देवी लिहिलंय असं सांगता आलं असतं. पण मिशा तिच्या डोळ्यांपुढं होत्या. "द्वारपाल," मी म्हणाले. "देवळाच्या दारावरचा शिपाई."

"मंग देऊळ कुठी हाये?"

"पडलं असेल कधीचं."

आईनं त्याला वरून खाली पाहिलं. "अरे बाप्पा! आम्ही याले चोळी-लुगडं नेसवत होतो," म्हणाली. मग म्हणाली, "मी बोलली ते यानं आत सांगतलं असंल. नाही तं तू वाचली कशी?"

तिनं गाठ सोडली आणि गुळाचा खडा घेऊन हात पुढं केला. दारावरचा शिपाई धावत आला. "आजी, हात नका लावू."

आईनं एकदा दगडाकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं. खडा त्याच्या हातावर ठेवला. "घे बाबू. तू बी दारावरचाच."

"आत खाणं मना आहे," तो म्हणाला.

"औषध हाये," आई म्हणाली.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि तोंडात टाकला. असा माझा नवस फिटला.

बाहेर बागेतल्या बाकावर ती दम खात बसली. समोर हिरवंगार लॉन होतं. तिनं ते भाताच्या खाचरांसारखं नजरेनं मोजलं. "दोन बांध्या धान झालं असतं अथी," म्हणाली. तिथून चारच्या आत, भरतीच्या वेळेत, आम्ही दवाखान्यात पोचलो.

नर्सनं सगळ्यात आधी तिला काट्यावर उभं केलं. आई काट्यावर चपला काढून, हात जोडून उभी राहिली. "एकेचाळीस," नर्स म्हणाली आणि लिहून घेतलं. माझी आई एका धानाच्या कट्ट्याएवढी राहिली होती, आणि मी चाळीस वर्षं माझ्याच वजनाचा राग धरून बसले होते. मी भिंतीकडं तोंड केलं. त्या मिशीवाल्याला आठवलं आणि मनात बोलले. आत सांग बाबा. एकेचाळीस किलो, लगेच फेडीन.

"काय पुटपुटून राहिली वो?" आईनं मागून विचारलं.

"काही नाही."

ती काट्यावरून उतरली, चपला शोधल्या, घातल्या.

"फेडायच्या दिवशीचं वजन धरतेत, ध्यानात ठेव," म्हणाली. "मी जाड होऊन येईन."