मला हळू बोलता येत नाही

नातू सातव्या महिन्यातच झाला. मुठीएवढं डोकं, अंगावरची कातडी दुसऱ्या कुणाची घातल्यासारखी ढिली. सून बीपी वाढून दुसऱ्या वॉर्डात पडलेली, मुलगा तिच्यापाशी. धुळ्याच्या दवाखान्यात पोराजवळ बसायला उरलो मी. घरचीला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. ती असती तर मला कुणी विचारलंही नसतं.

पोर रोज काचेच्या पेटीतून काढून उघड्या छातीवर धरायचं, असं सिस्टरनं सांगितलं. आईला जमत नसेल तर आजोबाची छाती चालते म्हणे. ऊब मिळते, श्वास नीट चालतो. घरच्या माणसाचा आवाजही कानावर पडायला लागतो, त्यानं मेंदू वाढतो. "आबा, त्याच्याशी बोलत जा."

बोललो. "काय रे बाळा," एवढंच. पोर दचकलं, हातपाय ताणले, ओठ निळे पडले, मशीन टींटीं करायला लागलं. सिस्टरनं धावत येऊन त्याची पाठ चोळली. रंग परत आला तेव्हा म्हणाली, "आबा, बैल हाकताय का? हळू."

हळू मला येतच नाही. साक्रीकडच्या डोंगरात गुरं राखली, या टेकडीवरून त्या टेकडीवर हाका मारल्या. घरातही तोच आवाज. बायको चुलीपुढून हसायची, "हळू बोला ना, मी काय डोंगरना पल्याड शे का?" शेवटी दवाखान्यात मात्र हसली नाही. माझा हात धरून म्हणाली, काहीतरी बोला. आजूबाजूला आजारी माणसं, माझा आवाज हा असा. मी गप्प बसलो. ती गेली तरी गप्पच.

दुसऱ्या दिवशी हात धुतले, सदरा काढला, पोर छातीवर घेतलं. तोंड उघडायची भीती वाटत होती. गप्प बसून चालणार नाही, सिस्टर म्हणाली. मग ओठातल्या ओठात सांगायला लागलो. बाजरी निसवली, कणसं बाहेर आली. शेळी व्याली, दोन करडं. तुझी आजी असती तर...

तिथं आवाज फुटला. मी घाबरून मशीनकडे बघितलं. वाजलं नाही. पोर झोपलं होतं का ऐकत होतं, मला काय कळणार?

उरलेला वेळ तोंडावर टॉवेल धरून बोललो. त्यातलं त्याच्यापर्यंत किती गेलं, माहीत नाही.