आईने तुडवलेली जमीन

मिठागर बंद पडलं तेव्हा शेठने तिथे चाळ बांधायला काढली. लढाईचे दिवस होते. मुंबईहून घाबरून निघालेली माणसं भाईंदरला जागा शोधत होती, आणि जागा रिकामी ठेवणं शेठच्या रक्तातच नव्हतं. मिठागरात राबलेल्यांनाही एकेक खोली मिळणार होती. वडील गेल्यापासून आई आणि मी मामाच्या पडवीत राहत होतो. मामीच्या तोंडाचा पट्टा पहाटेच सुरू व्हायचा. येत्या पाडव्याला स्वतःच्या दारात गुढी उभारायची, एवढंच आईच्या मनात होतं.

तिने खोली मागून घेतली तीही तिच्याच मिठाच्या वाफ्यावरची. दरवर्षी पाऊस सरला की बायका वाफ्यातला चिखल पायांनी तुडवायच्या. खाडीचं पाणी आत घेऊन उन्हात सुकवायचं, तर तळात थेंबभरही मुरता कामा नये. आईच्या वाफ्याला मुकादमसुद्धा नावं ठेवत नसे, आणि तो तर देवालाही नावं ठेवणारा.

गवंड्याने सगळ्या खोल्यांत हातभर मुरूम टाकला. आमच्या दारात आई आडवी उभी राहिली.

"ही जमीन माज्या पायांनी तुडवलेली हाय. हिला भराव न्हाय पायजे."

गवंड्याचं काम वाचलं, तो हसत पुढे गेला. आमची जमीन फरशीला लाजवते, असं मीही तोऱ्यात सगळीकडे सांगत सुटले.

मीठच पिकत नाही म्हटल्यावर खाडीकडचा बांध कोण लिंपणार? होळीच्या पुनवेला भर दुपारी उधाणाने तो फोडला. नव्या खोलीत मी चूल पेटवत होते. पाणी उंबऱ्यावरून आत आलं आणि चूल फुस्स करून विझली. पावसाळ्याची बेगमी म्हणून ठेवलेले तांदूळ डोळ्यांदेखत बुडाले.

ओहोटी लागली. शेजारच्या खोल्यांतलं पाणी मुरमाने संध्याकाळपर्यंत पिऊन टाकलं. आमच्या खोलीत ते पोटरीएवढं तसंच. आम्ही घमेल्याने उपसायचो, की चहूबाजूंच्या भरावातून पाझरून पुन्हा तेवढंच. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना? आमची सरकली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी आईने मुकादमाकडून पहार आणली. पाणी मुरायला वाट करून द्यावी म्हणून तिने सगळा जीव एकवटून घाव घातला. पहार बोटभर रुतली आणि तिथेच अडकली.

"बघ, कशी तुडवलीय," ती म्हणाली. आवाजात चक्क कौतुक होतं. ते ऐकून मला धडकीच भरली. मग तिने पहार सोडली, त्याच पाण्यात बसली आणि हंबरडा फोडला.

त्या पाडव्याला गुढी मामीच्या दारात होती. आई पडवीत, पाय लुगड्याखाली ओढून बसली होती.