जोतीराम गलाईवाल्याची नजर

विट्याच्या जोतीरामाच्या कपाटात अकरा वर्षं चष्म्याचं एक रिकामं घर पडून होतं. कुणी हात लावला की म्हातारा खेकसायचा.

ते दिलं होतं चुलतभाऊ मानसिंगानं. मदुराईत त्याचं सोनं गाळायचं दुकान. जोतीराम तिथं भट्टीवर, ओतलेलं सोनं विझताना नुसत्या नजरेनं त्याचा कस सांगणारा. एकदा मालात खोट निघाली. भट्टी लवकर उतरवायची घाई मानसिंगाची, पण सगळ्या कामगारांसमोर तो म्हणाला, "जोत्याचं डोळं गेलं," आणि ते घर हातात ठेवून त्याला गावी धाडलं. जोतीराम एसटीतून उतरायच्या आधी ते वाक्य विट्यात पोचलं होतं. तेव्हापासून शेजारची लीलाबाई त्याला न विचारता हाताला धरून रस्ता ओलांडून द्यायची. आता बोला!

जत्रेच्या आदल्या दिवशी, दिवेलागण झाली न झाली तोच सून क्रांती फोनवर आलेला इशारा बघून गच्चीवर पळाली. ती कॉलेजात फिजिक्स शिकवते. कॉलेजची दुर्बीण आणि कॅमेरा तिच्याच ताब्यात. मागोमाग जोतीराम.

"मामा, हा ठिपका बघा. लय लांब एक दांडगा तारा कोसळला. गॅमा किरणांचा स्फोट क्षणात झाला न् संपला. ही मागं राहिलेली धग."

"कवा झालं?"

"अब्जावधी वर्षं झाली. उजेड आज पोचला."

थोड्या थोड्या वेळानं फोटो येत राहिले. जोतीरामानं सवयीनं एक डोळा मिटला. "पहिल्यापरास हा फिका हाय. ह्यो त्याच्याहून."

क्रांतीनं कॉम्प्युटरवर मोजून बघितलं. बरोबर! ती म्हणाली, "धग आधी भराभर उतरते, मामा. मग शेवटची लय रेंगाळते."

"ते मला सांगू नगंस," जोतीराम म्हणाला. समोर अब्जावधी वर्षांचा उजेड, आणि गड्याच्या डोक्यात फक्त मानसिंग. "सात फोटो छापून आण. वेळ मागच्या अंगाला लिही."

जत्रेच्या सकाळी, मदुराईहून गावी आलेला मानसिंग कडक इस्त्रीत चहाला आला. गल्ली कट्ट्यावर आधीच गोळा. जोतीरामानं स्वतः निरोप धाडले होते. त्यानं फोटो पिसून पुढं टाकले.

"दादा, मधला ठिपका इझत चाललाय. भट्टीचं मालक तुमी. लावा वळीनं."

मानसिंगानं फोटो नाकाला लावले, लांब धरले. "समदं सारखंच हाय की रं!"

"लावा तरी."

मानसिंगानं लावले. क्रांतीनं ते उलटून वेळा वाचल्या. शेवटचा फोटो पहिला आला होता. गल्ली फिदीफिदी हसली.

मग जोतीरामानं सातही फोटो पुन्हा पिसून लावले, पत्ते वाटावेत तसे. क्रांती वाचत गेली: सात चाळीस, सात पन्नास, आठ पाच... एकही चुकला नाही. लीलाबाईनं तोंडाला पदर लावला.

"उन्हात नीट दिसत न्हाई," मानसिंग पुटपुटला.

"व्हय, वयाचं असतंय दादा," जोतीराम गोड आवाजात म्हणाला. आत गेला, कपाट उघडलं, आणि ते घर सगळ्यांसमोर मानसिंगाच्या हातावर ठेवलं.

मानसिंगानं उघडलं. "ह्यात चष्मा कुठाय?"

"मला दिलं तवाबी नव्हता."