शांताक्कांचा तिसरा प्रश्न

शांताक्का गिऱ्हाइकाला आधी पिशवी उलटी करायला लावायच्या. मल्लेश्वरमच्या बाजाराला लागून असलेल्या त्या औषधाच्या दुकानात माझा कामाचा पहिला दिवस होता. एका बाईंनी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. अक्कांनी ती वाचली, बाजूला ठेवली आणि काउंटरवर टकटक करून पिशवी रिकामी करायला सांगितली. कोथिंबीर, चष्म्याचं घर, बसचा पास, गोळ्यांच्या दोन अर्धवट पट्ट्या आणि एक मळकट पुडी बाहेर आली. अक्कांनी पुडी उघडून हुंगली, पट्ट्यांच्या मागची नावं वाचली आणि मगच चिठ्ठीला हात लावला. तोवर मागे रांग लागली होती. त्यातल्या एकाने विचारलं, "अक्का, औषध देताय की सोयरीक जुळवताय?"

"सोयरीकच," अक्का मान वर न करता म्हणाल्या. "दोन औषधांची. पटलं नाही तर माणूस जातो."

त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचं. त्यांच्या मराठीत 'थोडं थांब'ऐवजी 'स्वल्प थांब' आणि 'बरं'ऐवजी 'सरी' असे कानडी शब्द इतके सहज येत, की निपाणीहून नुकतीच आलेली मी आठवडाभरात तसंच बोलू लागले. किरकोळ अंगाच्या, पांढऱ्या कोटाच्या खिशात दोन चष्मे. हात कायम गार. पुढे मला कळलं, की ते गारपण प्रकृतीचं नव्हतं. शांताक्का दिवसभर घाबरलेल्या असत.

त्यांचे तीन प्रश्न ठरलेले होते. पहिला, डॉक्टरांची कोणती औषधं चालू आहेत? दुसरा, डॉक्टरांना न विचारता काय घेता? या दोन्हींची उत्तरं लोक पटापट देत. मग अक्का चष्मा काढत आणि तिसरा विचारत: "आणि तुम्ही ज्याला औषध म्हणतच नाही, ते काय?" यावर बहुतेक जण हसत, काही वैतागत. आणि मग हळूहळू गोष्टी बाहेर येत. जाऊबाईंनी दिलेला काढा. गुडघ्याचं मलम. डोळ्यांत घालायचे थेंब. शेजारच्यांच्या उरलेल्या गोळ्या. अक्का ऐकत आणि लिहून घेत.

एकदा घाईत मी एका आजोबांना तिसरा प्रश्न न विचारताच पाठवलं. अक्का काउंटरमागून निघाल्या आणि भर उन्हात बसथांब्यापर्यंत चालत गेल्या. आजोबांना विचारून परत आल्या. काही नव्हतं. मी म्हटलं, बघा, उगाच त्रास घेतलात. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट सांगितली.

त्यांच्या गल्लीतला एक शिंपी काचबिंदूचे थेंब घ्यायला आला होता. चिठ्ठी बरोबर होती, औषध बरोबर होतं, टिमोलॉल. दम्याचा पंप तो दुसऱ्या दुकानातून घ्यायचा. डोळ्याच्या डॉक्टरांना त्याने दम्याचं सांगितलं नाही, कारण डोळ्याचा आणि छातीचा संबंध काय? अक्कांनीही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मशीनवर बसल्याबसल्याच त्याचा श्वास अडकला. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला.

"डोळ्यातला थेंब छातीपर्यंत जातो, हे मला परीक्षेत माहीत होतं," अक्का म्हणाल्या. "काउंटरवर माहीत नव्हतं."

पुढे मी नोकरी बदलली. यशवंतपूरच्या बाजूला एका फार्मसी कॉलेजात शिकवू लागले. औषधांचे दुष्परिणाम आणि कोणतं औषध कोणत्या औषधाशी भांडतं, हाच माझा विषय. मला याद्या करायची सवय आधीपासूनची. वाणसामानाची यादी, प्रवासाची यादी, कोणत्या विद्यार्थ्याचं काय कच्चं आहे त्याची यादी. बाबा निपाणीहून कायमचे माझ्याकडे आले, तेव्हा त्यांचीही यादी झाली. त्यांच्या हृदयाची एक झडप बदललेली होती आणि रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून वॉर्फरिनची गोळी जन्मभर चालू राहणार होती. फ्रिजच्या दारावर मी तक्ता लावला: औषधाचं नाव, वेळ, जेवणाआधी की नंतर, रक्ततपासणीची तारीख. बाबा आल्यागेल्याला तो कौतुकाने दाखवत. आणि दर पंधरा दिवसांनी बसने मल्लेश्वरमला जाऊन गोळ्या मात्र अक्कांकडूनच आणत, कारण तिथे गप्पा होत. मुलगी मास्तरीण असली तरी माझी झडती शांताबाईच घेतात, असं ते सांगायचे.

एका वर्षी बाबांच्या कवळीखाली पांढरे चट्टे आले. दातांच्या डॉक्टरांनी बुरशीवरची जेल लिहून दिली, दिवसातून चार वेळा तोंडात लावायची. चालू औषधांचं विचारलं, तेव्हा बाबांनी अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं, की ही हेच शिकवते. डॉक्टर हसले. मीही हसले. ट्यूब मी स्वतः विकत घेतली आणि न्हाणीघरात कवळीच्या डबीशेजारी ठेवली. तक्त्यात ती लिहिली नाही. तक्ता गोळ्यांचा होता.

साधारण दहा दिवसांनी मी वर्गात असताना फोन वाजला. अक्का कामाच्या वेळात कधीच फोन करत नसत. मी बाहेर आले.

"सुनंदा, बाबा माझ्याकडे आहेत," त्या म्हणाल्या. "दंडावर काळानिळा डाग आहे, तळहाताएवढा. कुठे आपटले नाहीत म्हणतात. कवळीला जेल लावतात. मायकोनाझोल."

तोंडात लावलेलं मायकोनाझोल पोटात जातं आणि वॉर्फरिनचा जोर कित्येक पटींनी वाढवतं. त्याच महिन्यात मी हे फळ्यावर लिहिलं होतं. एका मुलीने ते उत्तरपत्रिकेत लिहिलं नव्हतं म्हणून तिचे गुणही कापले होते.

"मी त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात नेतेय," अक्का म्हणाल्या. "तू सरळ तिथेच ये. आणि घाईत स्वतः पडू नकोस."

मी पोचले तेव्हा बाबा पलंगावर होते आणि अक्का त्यांच्या डोक्याशी उभ्या होत्या. रक्त काढलं होतं, आणि सुई टोचली तिथला कापूस लाल होऊन पुन्हा बदलला होता. तरी बाबांचं चालूच होतं, की शांताबाईंनी आज दुकान माझ्यासाठी बंद केलं, आता गिऱ्हाईक मला शिव्या देणार. अक्कांनी त्यांना मध्येच थांबवून विचारलं, शौचाला काळी होते का? बाबा ओशाळले. मुलीसमोर असलं विचारतात का, म्हणाले. अक्का हलल्या नाहीत. मग ते भिंतीकडे बघत म्हणाले, दोन दिवस झाले, डांबरासारखी. म्हणजे आतही रक्त वाहत होतं, आणि आम्ही दोघं रोज एका टेबलावर जेवत होतो.

रक्त किती उशिरा गोठतं, त्या तपासणीचा आकडा आला तो इतका वर होता, की प्रयोगशाळेने ती पुन्हा केली. दुसऱ्यांदाही तेच. डॉक्टरांनी गोळी आणि जेल बंद केली, रक्त गोठावं म्हणून शिरेतून व्हिटॅमिन के दिलं, प्लाझ्मा मागवला. मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे बघायला डोक्याच्या स्कॅनसाठी त्यांना नेलं. बाकावर अक्का आणि मी उरलो. माझ्या मनात एकच हिशेब चालू होता: दहा दिवस, दिवसातून चार वेळा, आणि शेवटचे दोन दिवस ट्यूब पिळून मीच त्यांच्या बोटावर दिली होती, कारण त्यांच्या बोटांत जोर राहिला नव्हता.

मी अक्कांना विचारलं, काही होणार नाही ना?

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मला भीती वाटतेय. तूही घाबर. लगेच कुणाला तरी दोष देऊन मोकळी होऊ नकोस, स्वतःलाही नाही."

त्यांनी माझा हात धरला. तेव्हा प्रथमच त्यांच्यापेक्षा माझा हात जास्त गार होता.

डोक्यात रक्तस्राव नव्हता. पोटातला थांबायला चार दिवस लागले. बाबा घरी आले, ते भिंत धरून चालत. अक्का त्यांना भेटायला आल्या, तेव्हा मी त्यांना फ्रिजपाशी नेलं. त्यांनी रागवावं अशी माझी इच्छा होती. त्या चष्मा बदलून बराच वेळ तक्ता वाचत राहिल्या.

"यादी चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण यात तुला ठाऊक आहे तेवढंच आहे."

त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, शेवटच्या ओळीखाली आणखी एक ओळ आखली आणि ती कोरी सोडली. ही भरायची नाही, रोज विचारायची, असं सांगून त्या चहा प्यायला बसल्या. बाबा पलंगावरून ओरडले, की शांताबाई, आता घरातही पोलीस चौकी उघडलीत का? सरी, सरी, म्हणत त्यांनी बशीत चहा ओतला.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. झोपेतच, भाच्याच्या घरी. मी बाबांना घेऊन गेले. घरात माणसं मावत नव्हती. त्यातल्या निम्म्यांना अक्कांनी कधी ना कधी पिशवी उलटी करायला लावलेली असणार. उन्हातून परत आलो, पाय धुतले. मला बोलायची इच्छा नव्हती. फ्रिजवरचा तक्ता आज राहू दे, एक दिवसाने काय होतं, असं मनात आलं. एक दिवसाने काय होतं, ते मला ठाऊक होतं. मी पेन काढलं, सगळ्या ओळी विचारल्या आणि कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

बाबांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि कापलेल्या पट्टीतली एक गोळी टेबलावर ठेवली.

"शांताबाईंच्या भाच्याकडे डोकं दुखत होतं. तिथल्या कुणीतरी दिली. साधी आहे, घ्या म्हणाले," ते म्हणाले. "पाणीही हातात दिलं होतं. पण म्हटलं, तू विचारशील."

मी पट्टी उलटी केली. अ‍ॅस्पिरिन. वॉर्फरिनच्या जोडीला तीही रक्त पातळ करते, पोटातलं पुन्हा वाहू लागलं असतं. खुर्ची ओढून मी खाली बसले. थोड्या वेळाने उठून ती गोळी कोऱ्या ओळीत लिहिली, पुढे 'घेतली नाही' असं लिहिलं, आणि तिच्याखाली दुसरी कोरी ओळ आखली.