बाटल्यांच्या दुकानावरचं घर

जालन्याची एसटी हलली तरी माय खिडकीचा गज सोडीना. कंडक्टर ओरडला, "मावशी, हात काढा," तरी सोडीना. बसच्या बरोबरीनं चालत तिनं मला एवढंच सांगितलं, "सुमन, तिथं गेल्यावर कुणाला उलटून बोलू नको. परक्या मुलखात आपलं कुणी न्हाई." माझे वडील, नाना, मागं उभे होते. त्यांनी हात हलवला नाही, डोळे पुसले नाहीत. धोतराचा सोगा मुठीत धरून ते हसनाबादच्या स्टँडवर नुसते उभे होते. माझ्या शेजारी बसलेल्या नवऱ्याला मी तेव्हा नीट ओळखतही नव्हते. लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते. ते अंबडचे. त्यांच्या थोरल्या भावाचं अमेरिकेत, ओरेगॉन नावाच्या राज्यात, दुकान होतं आणि त्या भावानंच आमचे कागद केले होते. दुकान म्हणजे आमच्याकडं सगळ्यांनी किराणाच समजला. मीसुद्धा.

ते बाटल्यांचं दुकान होतं. बीअर आणि वाईन. भिंतीला लागून काचेची कपाटं, त्यांची रात्रंदिवस घरघर, आणि मागच्या बाजूनं वर जाणारा लाकडी जिना. जिन्याच्या वरती आमचं घर. दोन खोल्या. फ्रीजची ती घरघर वरच्या फरशीतून पायाला लागायची. मी स्वयंपाक करायचे आणि घंटी वाजली की खाली पळायचे. घंटी म्हणजे गिऱ्हाईक. मीठ टाकलं की नाही हे जिन्यात आठवायचं.

माझे दीर, सगळे त्यांना भाऊ म्हणत, दुसऱ्या गावात मोठ्या घरात राहायचे आणि आठवड्यातून एकदा येऊन जायचे. वाईट माणूस नव्हता. ओरडायचे नाहीत. पण माझे मिस्टर, आमच्यात म्हणायची पद्धत तीच म्हणून मीही 'हे' म्हणते, हे भाऊंपुढं बसायचेही नाहीत. कधी मी म्हटलं की आपण दुसरं काही काम बघू, तर यांचं एकच ठरलेलं असायचं, "भाऊनं आणलं आपल्याला." कुणी आणलं हे इतकं मोठं होतं की कशासाठी आणलं हे विचारायची सोय नव्हती.

मला गाडी येत नव्हती. बस होती, पण ती टेकडीच्या पलीकडून जायची, आणि दुकान कुणावर सोडायचं हा प्रश्न होताच. हे माल आणायला गेले की मी गल्ल्यावर. हे गल्ल्यावर बसले की मी वर. मुलगी झाली, मुक्ता. ती शाळेत जायला लागली तेव्हा पिवळी बस दुकानासमोर थांबायची आणि दुपारी तिथंच सोडायची. शाळेतल्या कार्यक्रमाला जाऊबाई जायच्या, त्यांना इंग्रजी सफाईदार यायचं.

माय गेली तेव्हा डिसेंबर होता, दुकानाचा सीझन. दत्तूचा, माझ्या भावाचा, फोन आला तेव्हा सगळं उरकलेलंच होतं. भाऊ म्हणाले, "आता जाऊन काय करणार? जानेवारीत बघू." जानेवारीत बर्फ पडलं, मंग मुक्ताला ताप आला, मंग विषय मागं पडला. मी मायसाठी रडले ते खाली, बीअरच्या थंड खोलीत. तिथं घरघरीत आवाज ऐकू जात नाही.

तुम्ही म्हणाल, नुसतं दुःखच होतं का? तसं नव्हतं. त्याच वर्षांत आमच्या दुकानात शुक्रवारची टेस्टिंग सुरू झाली. त्या भागात तेव्हा गावोगावी लहान लहान बीअरवाले निघाले होते, स्वतःच्या शेडमध्ये बनवायचे आणि स्वतःच घेऊन यायचे. नवीन बीअर निघाली की शुक्रवारी संध्याकाळी टेबल मांडायचं, घोटभर मावेल असे इवलेसे ग्लास ठेवायचे, आणि लोकांनी चाखून बघायचं. ओतायला सरकारी परवाना लागतो. हे माल उचलण्यात असायचे, म्हणून परवाना माझ्या नावानं काढला. अमेरिकेत माझ्या एकटीच्या नावाचा तो पहिला कागद. हसनाबादच्या माळकऱ्याची पोरगी, आणि परवाना बीअर ओतायचा.

मला वासावरून काही काही सुचायचं. एकीला भाजलेल्या ज्वारीचा वास, एकीला काकवीचा. हॉप्स नावाची कडू फुलं घालतात, त्यातल्या काहींना तर थेट मोसंबीच्या सालीचा. मी तसं मोडक्या इंग्रजीत सांगायचे आणि लोक पुन्हा वास घ्यायचे. त्यांना मोसंबी ठाऊक नव्हती, पण माझं ऐकायचे. आठवड्यातले ते दोन तास मी कुणीतरी असायचे. मंग टेबल आवरायचं, ग्लास धुवायचे आणि वर जायचं.

माय गेली त्याच्या पुढच्या वर्षी दत्तूनं नानांना आमच्याकडं पाठवलं. ते घरात बोलेनासे झाले होते. विमानतळावरून आणलं तेव्हा मी त्यांना मागच्या जिन्यानं वर नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच खाली उतरले. मी गल्ल्यावर होते. धोतर, पांढरी टोपी, अंगात दत्तूचा जुना स्वेटर. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी कपाटं बघितली.

"हा किराणा न्हाई."

"न्हाई, नाना."

"तू पितीस का?"

"चव बघावी लागते कधी. थुंकून टाकते."

ते वर गेले. मला वाटलं, संपलं. आता तिकीट मागतील. गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस, त्याला लेकीच्या घरचं पाणीही जड जाईल. पण ते जेवले, मुक्ताशी खेळले, आणि तीनचार दिवसांनी दुपारी म्हणाले, "चल, पोरीची शाळा दाखव. पायी जाऊ, मला चालायची सवय हाय."

मी म्हटलं, "नाना, मला ठाऊक न्हाई कुठंय ती."

"म्हंजे?"

"मी बघितली न्हाई."

"तिसरीत हाय ना पोरगी?"

"हो."

नाना जिन्याच्या पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मंग म्हणाले, "मला वाटून राह्यलं होतं, दारूचं दुकान म्हणून तू तोंड लपवून राह्यली. तसं न्हाई. तुला कोंडलंय इथं."

"कुणी न्हाई कोंडलं. दार तर उघडंच असतं."

"मंग जात का न्हाई?"

वर्षानुवर्षं मला कुणी हे विचारलंच नव्हतं, मी स्वतःलाही नाही. आमच्या शिवारातल्या सगळ्या पायवाटा मला अंधारातही यायच्या, आणि इथं दुकानाच्या मागची गल्ली कुठं निघते ते मला माहीत नव्हतं.

त्या शुक्रवारी टेस्टिंग होती. हिवाळ्याची नवी काळी बीअर आली होती. नाना आपण होऊन खाली आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. बीअर बनवणाऱ्या पोरानं बरणीत भाजलेलं धान्य आणलं होतं, लोकांना दाखवायला. त्यानं चार दाणे नानांच्या तळहातावर ठेवले. नानांनी एक दाताखाली धरला. "जव हाय. मोड आणून भाजलाय," ते मला म्हणाले, आणि उरलेले तीनही खाऊन टाकले.

गर्दीत मार्गारेट होती. साठी ओलांडलेली बाई, दर शुक्रवारी यायची, ग्लास दोन्ही हातांत धरून प्यायची. मुक्ता नानांना सांगत होती, "आजोबा, ही पहिले आमची स्कूलबस चालवायची." नानांनी हे ऐकलं आणि थेट तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. माझ्याकडं बोट दाखवलं. मंग हवेत स्टिअरिंग धरून गोल फिरवलं.

"माझी पोरगी," ते मराठीत म्हणाले. "हिला शिकवा."

सगळे बघायला लागले. मला धरणी दुभंगावी असं झालं. मुक्तानं इंग्रजीत सांगितलं. मार्गारेटनं ग्लास टेबलावर ठेवला, आधी नानांकडं, मंग माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, रविवारी सकाळी येते, माझी गाडी जुनीच आहे, कितीही ठोकली तरी चालेल.

यांना ते आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "रविवारी माल लावायचा असतो. दोघांचं काम हाय. दुकान कोण बघणार?"

नाना म्हणाले, "जावईबापू, मी बसतो."

"तुम्ही? नाना, तुमची माळ..."

"माळ गळ्यात हाय. हात मोकळे हायेत."

तेवढ्यात भाऊंचा फोन आला, त्यांना जाऊबाईंकडून की कुणाकडून कळलं होतं. बाई गाडी घेऊन हिंडायला लागली की दुकान गेलंच समज, असं काहीतरी ते बोलत असावेत, कारण हे बराच वेळ "हो भाऊ, हो भाऊ" करत राहिले. शेवटी मात्र म्हणाले, "भाऊ, नाना स्वतः बसायचं म्हणून राह्यलेत. मी काय बोलू?" यांनी भावाला दिलेलं एवढंच उलट उत्तर मी आयुष्यात ऐकलं. पण दिलं.

रविवारी मी मार्गारेटच्या गाडीत बसले तेव्हा काचेतून आत दिसत होतं. हे गल्ल्यावर, आणि नाना खोकी फोडून बाटल्या कपाटात लावत होते. एक एक, अंड्यासारखी धरून, लेबलं पुढं करून. आयुष्यात त्यांनी बाटलीला हात लावला नव्हता. मी क्लचऐवजी ब्रेक दाबला आणि गाडी गचकन थांबली. मार्गारेटला वाटलं, मी घाबरून रडतेय.

शिकायला पूर्ण हिवाळा गेला. एका चर्चच्या रिकाम्या आवारात मी फुटपाथच्या कडेवर चाक चढवलं, एकदा कुणाच्या तरी घरापुढची पत्रपेटी पाडली. पहिल्या परीक्षेत नापास झाले. नाना दर रविवारी खोकी फोडत राहिले. दुसऱ्यांदा लायसन मिळालं, तेव्हा आमच्या दुकानाच्या गाडीत मी नानांना मागं बसवलं आणि मुक्ताच्या शाळेपुढं गाडी नेऊन उभी केली. सुट्टीचा दिवस होता, आत कुणी नव्हतं. दोघं कुंपणाला धरून उभे राहिलो. विटांची ठेंगणी इमारत, झोपाळे, ओलं मैदान. नाना म्हणाले, "बराबर." एवढंच. पुढच्या महिन्यात ते परत गेले.

इथं गोष्ट संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण भाऊंनी वर्षाच्या आत शेजारच्या गावात दुसरं दुकान घेतलं. म्हणाले, "सुमनला आता गाडी येते. ती दोन्हीकडं बघेल." मी सकाळी इकडं, दुपारी तिकडं. नवीन बीअर आता आठवड्याला एखादी नाही, चारचार निघायच्या. लोक दुकान उघडायच्या आधी रांगा लावायचे. टेस्टिंग दोन्ही ठिकाणी मीच घ्यायचे. माझं कौतुक व्हायचं. यांची पाठ धरली, त्यांना जड उचलता येईना, मंग तेही माझ्याकडं आलं. दोन खोल्यांत कोंडलेली मी आता चाळीस मैलांत कोंडलेली होते, एवढाच फरक. आणि जे कोंडणं चाकांवर फिरतं, त्याबद्दल तक्रार तरी कुणाकडं करायची?

नाना गेले तेव्हा मी कुणाला विचारलं नाही. तिकीट काढलं आणि तेराव्याला पोचले. दत्तूनं स्लॅबचं घर बांधलं होतं. वहिनीनं मला चुलीजवळ फिरकू दिलं नाही, "ताई, तुम्ही बसा." शेताकडं एकटी निघाले तर पुतण्याला बरोबर पाठवलं. भेटायला आलेली प्रत्येक बाई पाणी प्यायच्या आधी विचारायची, "परत कधी?" त्यांचं काही चुकलं नाही. मी पाहुणी होते आणि पाहुण्याला हेच विचारतात. माझी मात्र तिथंही एका खुर्चीवर कोंडी झाली.

परत आल्यावर एका रविवारी मी यांना म्हटलं, "आज मी दुकानात बसत न्हाई," आणि गाडी काढली. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं. पूर्वेला डोंगराची ओळ आहे, ती ओलांडली की पाऊस संपतो. मला हे माहीत नव्हतं, इतकी वर्षं राहून. हिरवं मागं पडलं आणि पुढं उघडं, पिवळं, कापून झालेल्या धान्याचं रान लागलं. झाड नाही, माणूस नाही, नुसता वारा आणि धसकटं. मी गाडी कडेला लावली, चपला काढल्या आणि बांधासारखा उंचवटा होता त्यावर बसले. माती तापलेली होती. मी कुठं आहे हे त्या वेळी जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. किती वेळ बसले सांगता येत नाही.

एक म्हातारा शेतकरी ट्रक घेऊन आला. मला बघून थांबला, काच खाली केली. गाडी बिघडली का, रस्ता चुकलात का, अशी चौकशी केली. मी नाही म्हटलं. मंग त्यानं विचारलं, "तुमचं घर कुठंय?"

आणि मी त्याला दुकानाचा पत्ता सांगितला. रस्त्याचं नाव, नंबर, गाव. न अडखळता, इंग्रजीत, जसा फोनवर माल मागवताना सांगते तसा. हसनाबाद तोंडात आलंच नाही. सांगून झाल्यावर ते माझ्याच कानांवर पडलं.

तो म्हणाला, लांब आहे, अंधार पडायच्या आत डोंगर ओलांडा, आणि निघून गेला. दत्तू मला विचारतो, माझ्यासारख्याच गाव सोडून निघालेल्या बायाही विचारतात, घर म्हणजे काय. मला एवढंच सांगता येतं. त्या रानात आणखी बसावं असं फार वाटत होतं. पण सोमवारी सकाळी माल यायचा होता. मी पाय झटकले, चपला घातल्या आणि गाडी घराकडं वळवली.